संगणकाचे जुने विरजण



या मालेची पत्रिका छापून आली त्या दिवशी संध्याकाळी आमचे एक जुने स्नेही मला पेठेत भेटले. त्यांचा छापखाना या गावात चाळीस वर्षे चालला. लहानथोर त्यांना अण्णा म्हणतात. हातातली पत्रिका माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "मास्तर, इतिहासाच्या व्याख्यानाला हा काय विषय काढलात? संगणक तर आमच्या डोळ्यांदेखत आले. ज्याला अजून मिसरूड फुटायची आहे त्याचे चरित्र कसले लिहिता?" मी त्यांना एवढेच विचारले, "अण्णा, तुमच्या माळ्यावरचा जुना संगणक आज चालू होतो का?" त्यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि "येतो व्याख्यानाला" म्हणून निघून गेले. ते गप्प का राहिले याचे कारण मी शेवटी सांगणार आहे. तेवढा धीर आपण धरावा.

प्रथम वस्तू कोणती, ते सांगितले पाहिजे. संगणक विकत घेतला म्हणजे यंत्र घेतले असे आपणांस वाटते. पण नुसत्या यंत्राला काहीच येत नाही. कोणती कळ दाबली गेली, पडद्यावर अक्षर कसे उमटवावे, लिहिलेला मजकूर तबकडीवर कोठे ठेवावा आणि पुन्हा कोठून काढावा, हे त्याला शिकवावे लागते. हे शिकवणारी जी पायाभूत आज्ञावली तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात; मी सोयीसाठी तिला नुसती प्रणाली म्हणेन. विंडोज ही अशी एक प्रणाली, मॅकची दुसरी, युनिक्स ही तिसरी व या सर्वांत वडीलधारी. कोऱ्या यंत्रात ही प्रणाली उतरवून देणारा जो संच असतो तो इन्स्टॉलर. घरातला दाखला द्यायचा तर इन्स्टॉलर हे विरजण होय. दही खाऊन संपले तरी वाटीच्या तळाशी चमचाभर राखले असेल तर उद्या पुन्हा दही लागते. तो चमचाही चाटून टाकला तर वाटी घेऊन शेजारी जावे लागते, आणि शेजाऱ्याने दार लावून घेतले असेल तर दुधाचे दही होत नाही.

आता कोणी म्हणेल, नवे विरजण बाजारात मिळते, मग जुने कशाला? तर याचे उत्तर असे, की प्रत्येक कागद ज्या कार्यक्रमात लिहिला त्या कार्यक्रमावाचून तो वाचता येत नाही, कार्यक्रम ज्या प्रणालीसाठी रचला तिच्यावाचून चालत नाही, आणि ती प्रणाली तिच्या काळच्या यंत्रावाचून पुष्कळदा उभीच राहत नाही. मोडीतला कागद घ्या. मोडी जाणणारा एक मनुष्य उरला तरी तो कागद वाचतो, कारण कागदावर शाई आहे आणि डोळ्यांना ती दिसते. संगणकाच्या तबकडीवर डोळ्यांना दिसण्यासारखे काहीच नसते. तेथे वाचणारा म्हणजे ती प्रणालीच. ती गेली की कागद असून नसल्यासारखा.

एवढी प्रस्तावना पुरे. आता एक हकीकत सांगतो, ती ताजी आहे. अमेरिकेत यूटा राज्याच्या विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग आहे. २०२५ साली तेथील एक साठवणीची खोली साफ करताना चुंबकीय फितीचे एक जुने रीळ सापडले. रिळावर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. तिचा आशय असा, की ही बेल लॅबकडून आलेली युनिक्सची मूळ चौथी आवृत्ती आहे, मांडणीसाठी मॅन्युअल पाहावे. त्या विभागातले प्राध्यापक रॉबर्ट रिची यांनी नोव्हेंबरात ही बातमी प्रसिद्ध केली, तेव्हा जगभरच्या जाणकारांत जी खळबळ उडाली ती आपल्याकडे एखाद्या वाड्याच्या भिंतीत शिवकालीन दप्तर निघाले असता उडेल तशीच होती.

या खळबळीचे कारण समजण्यासाठी पन्नास वर्षे मागे गेले पाहिजे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबमध्ये एका टाकून दिल्यासारख्या पडलेल्या लहान यंत्रावर युनिक्स रचण्यास आरंभ केला. (हे रिची वेगळे आणि यूटाचे प्राध्यापक वेगळे, नावाचा योगायोग आहे.) आरंभी ही प्रणाली यंत्राच्या अगदी जवळच्या, म्हणजे त्या एकाच जातीच्या यंत्राला कळणाऱ्या भाषेत होती. १९७३ साली तिचा गाभा सी नावाच्या, डेनिस रिची यांनीच घडवलेल्या भाषेत नव्याने लिहिण्यात आला, आणि त्या नोव्हेंबरात निघालेली चौथी आवृत्ती ही सी भाषेतल्या गाभ्याची पहिली आवृत्ती ठरली. या एका फेरबदलामुळे युनिक्स एका यंत्रातून उचलून दुसऱ्या यंत्रात नेण्याची वाट मोकळी झाली. आज मॅकची प्रणाली त्याच वंशातली आहे. लिनक्स त्याच वळणावर घडलेली आहे, आणि आपल्या खिशातल्या बहुतेक मोबाईलच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो. म्हणजे ज्या कुळाचा विस्तार एवढा, त्याच्या वळणाच्या पिढीचा अस्सल कागदच उपलब्ध नव्हता. चौथ्या आवृत्तीचे मॅन्युअल होते, गाभ्याचे थोडे तुकडे होते. पण संपूर्ण, उतरवून चालू करता येईल अशी प्रत कोणाजवळ नव्हती. खुद्द जन्मघरीही नाही.

ती यूटात कशी गेली? बेलची मालक कंपनी टेलिफोनचा धंदा करी. तिच्यावर १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीचे बंधन होते, की टेलिफोनबाहेरच्या धंद्यात तिने पडू नये. त्यामुळे युनिक्स बाजारात मांडून विकणे तिला शक्य नव्हते. विद्यापीठांनी मागितली की नाममात्र दरात फितीवर उतरवून ती पाठवून दिली जाई, आणि बिघडली तर आमच्याकडे येऊ नका असाच एकंदर व्यवहार होता. या व्यवहाराला कोणी उदार म्हणेल, कोणी बेपर्वा. मला त्यात इतिहासाचा लाभ दिसतो. एका ठिकाणी कडेकोट ठेवलेली वस्तू एका आगीत जाते. पन्नास ठिकाणी बेफिकिरीने पाठवलेली कोठे तरी माळ्यावर राहून जाते.

पुढचा भाग मला विशेष वाटतो. ते रीळ टपालाने पाठवण्याचा धोका कोणी पत्करला नाही. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथे संगणकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. तेथपर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर ते मोटारीने नेण्यात आले. तेथे अल कॉसो नावाचे गृहस्थ अशा फिती वाचण्यात मुरलेले आहेत. पन्नास वर्षांच्या फितीवरचे चुंबकीय ठसे क्षीण झालेले असतात, आणि सामान्य फीतवाचक यंत्र क्षीण ठसा दिसला की 'चूक' एवढेच सांगून थांबते. म्हणून त्यांची रीत निराळी. फितीवरून वाचनमुख फिरत असता त्यातून जी विद्युत्‌लहर उठते तीच जशीच्या तशी, सर्व चढउतारांसह टिपून घ्यायची, आणि मग त्या लहरीत शून्य कोठे व एक कोठे याचा निर्णय लेन शुस्टेक यांनी लिहिलेल्या एका आज्ञावलीकडून सावकाश करवायचा. पुसट शिलालेखाचा आधी ठसा घ्यावा आणि मग घरी दिव्याखाली बसून अक्षरे लावावी, तशातली ही गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये फीत वाचली गेली. मजकूर सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला, आणि जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीवर लोकांनी ती चौथी आवृत्ती चालूही करून पाहिली.

ही फीत कोणी जतन केली? मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. तिच्यासाठी कोणी निधी उभारला नव्हता, ठराव केला नव्हता. कोणीतरी चिठ्ठी लिहून ती फडताळात ठेवली आणि मग सर्वजण तिला विसरले. खोली लागली नाही म्हणून ती राहिली. म्हणजे चक्क विस्मृतीने ती जतन केली. वस्तू हातात धरण्यासारखी होती म्हणून हे घडू शकले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या काळात हीच सोय नाहीशी झाली आहे.

सर्वच ठिकाणी विस्मृती इतकी कनवाळू नसते. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीचा गाभा कोणत्याही फितीवर उरला नव्हता. उरला होता तो १९७० च्या दशकाच्या आरंभीचा एक छापील कागदांचा गठ्ठा. वॉरन टूमी या ऑस्ट्रेलियातील गृहस्थांनी जुन्या युनिक्सचे भक्त एकत्र करून एक मंडळ चालवले आहे; त्या मंडळींनी २००८ साली तो गठ्ठा अक्षर अक्षर लावून पुन्हा यंत्रात भरला आणि प्रणाली उभी केली. छापील कागदाने संगणकाला वाचवले असा हा प्रसंग आहे. आमच्या अण्णांना तो ऐकून फार बरे वाटेल.

घरगुती संगणकांकडे वळलो तर तेथेही हीच कथा. मायक्रोसॉफ्टच्या डॉसचा पूर्वज सिअ‍ॅटल येथील एका लहान कंपनीत टिम पॅटरसन यांनी १९८० साली लिहिला. १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला आणि त्यावर तिचे साम्राज्य उभे राहिले. त्या पूर्वजाची अगदी आरंभीची तबकडी सर्वांसमोर आली ती २०२४ च्या आरंभी, तीही एका खाजगी संग्राहकाकडून. स्वतः मायक्रोसॉफ्टने डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर २०१४ साली त्या कॅलिफोर्नियातील संग्रहालयाच्या हवाली केला आणि एप्रिल २०२४ मध्ये डॉसची चौथी आवृत्ती खुली केली. हेतू चांगला, पण नक्कल करणाऱ्याने घोटाळा केला. जुन्या फायली आजच्या अक्षरपद्धतीत ओतताना काही चिन्हे बदलली आणि फायलींच्या मूळ तारखा पुसल्या गेल्या. जाणकारांनी तत्काळ बोट ठेवले, की या प्रतीवरून ती प्रणाली जशीच्या तशी घडवता येत नाही. बखरींच्या नकला ज्यांनी ताडून पाहिल्या आहेत त्यांना हा रोग परिचयाचा आहे. शुद्धलेखन सुधारण्याच्या भरात लेखनिकाने गावाचे नाव 'सुधारले' की पुढे दोनशे वर्षे ते गाव सापडत नाही.

फ्लॉपी आणि सीडीच्या जमान्यावर मी फार वेळ घेत नाही. तो पुष्कळांनी पाहिलेला आहे. विंडोज ९५ ही प्रणाली सीडीवर मिळे तशी तेरा फ्लॉप्यांवरही मिळे, आणि बाराव्या फ्लॉपीवर यंत्र थांबले म्हणजे काय वाटे, ते सभागृहातल्या काही चेहऱ्यांवर मला आत्ताच दिसत आहे. त्या काळातली अडचण ठिसूळपणाची होती: फ्लॉपीला बुरशी धरते, घरी भाजलेली सीडी उन्हाने मरते. पण खोकी कपाटात होती. लग्नाच्या अल्बमशेजारी, विजेच्या बिलांखाली, कोठे तरी होती.

ही रीत मोडली ती २०११ साली. अ‍ॅपल कंपनीच्या मॅक प्रणालीची स्नो लेपर्ड नावाची आवृत्ती २००९ मध्ये तबकडीवर विकली गेली. तिच्या मागून २० जुलै २०११ रोजी आलेली लायन ही आवृत्ती मात्र दुकानात खोक्यात मिळेना. ती कंपनीच्या जाळ्यावरील दुकानातून २९ डॉलर ९९ सेंट देऊन तारेवरून उतरवून घ्यायची, सुमारे चार गीगाबाइट. पुढच्या महिन्यात कंपनीने एका कांडीवर भरूनही ती ६९ डॉलरला विकली. म्हणजे हातात धरण्याच्या सुखाची किंमत दुपटीहून अधिक पडली. परंतु मौज याहून पुढे आहे. उतरवलेला इन्स्टॉलर आपले काम आटोपले की स्वतःलाच पुसून टाकी! दही लावून झाले की विरजणाची वाटी आपोआप अदृश्य. कंपनीच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. जागा मोकळी होते, आणि पुन्हा हवा असेल तर दुकान आहेच. ज्यांना हे आधी कळले त्यांनी प्रतिष्ठापना सुरू करण्यापूर्वीच इन्स्टॉलरची प्रत बाहेरच्या तबकडीवर ठेवली. ज्यांना नंतर कळले ते पुन्हा चार गीगाबाइट उतरवत बसले. त्या काळचे आपल्याकडचे इंटरनेट ज्यांना आठवते त्यांनी किती तास लागले असतील याचा हिशेब करावा.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की पुढे २०१३ मध्ये मॅव्हरिक्स या आवृत्तीबरोबर कंपनीनेच इन्स्टॉलरच्या पोटात एक आज्ञा घालून दिली, जिच्या योगाने कांडीवर प्रत करून ठेवता येते. आणि २०२१ साली लायन व तिच्यापुढची माउंटन लायन या दोन्ही आवृत्त्या कंपनीने विनामूल्य उतरवून घेण्यास दिल्या. तेव्हा कोणाला खलपुरुष ठरवण्याचे काम मी येथे करीत नाही. मुद्दा निराळा आहे. २०११ पूर्वी काही न करता वस्तू राहण्याचा संभव होता. नंतर काही न केले तर वस्तू न राहण्याची खात्री झाली. पन्नास वर्षांनंतर कोणी एखाद्या विद्यापीठाची खोली झाडली तर तेथे लायनचे रीळ निघणार नाही.

बरे, लोक जुनी आवृत्ती राखून ठेवीत ते हौसेने नव्हे. मॅक यंत्रांनी आपले काळीज तीनदा बदलले आहे. १९९४ साली पॉवरपीसी जातीचे आले, २००६ मध्ये इंटेलचे आणि २०२० मध्ये कंपनीचे स्वतःचे. दर वेळी जुन्या यंत्रासाठी लिहिलेले कार्यक्रम चालावेत म्हणून काही काळ एक दुभाषा ठेवला जाई आणि मग त्याला निरोप दिला जाई. पॉवरपीसीचा दुभाषा स्नो लेपर्डमध्ये होता, लायनमध्ये तो काढला. पुढे ७ ऑक्टोबर २०१९ रोजी कॅटालिना आली आणि तिने ३२ बिटांचे सर्व कार्यक्रम एका दमात बंद केले. ज्याचे वीस वर्षांचे काम अशा कार्यक्रमात होते त्याला कॅटालिनाच्या आधीची मोहावे ही आवृत्ती हवी होती. म्हणून शहाण्यांनी मोहावेचा इन्स्टॉलर तबकडीवर घालून कपाटात ठेवला आणि ते निश्चिंत झाले.

ही निश्चिंती सतरा दिवस टिकली.

प्रत्येक इन्स्टॉलरवर कंपनीची एक मोहोर असते. प्रत अस्सल आहे, वाटेत कोणी हात घातलेला नाही, हे यंत्र त्या मोहरेवरून ताडते. ही व्यवस्था उत्तमच आहे. परंतु मोहरेच्या दाखल्याला मुदत असते, आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजी ती मुदत संपली. त्या दिवसापासून कपाटातले इन्स्टॉलर चालवू जावे तो पडद्यावर अक्षरे येत, की ही प्रत खराब झालेली आहे, हिचा उपयोग करता येणार नाही. प्रतीचा एक बिटदेखील खराब झालेला नव्हता! कागद शाबूत, शाई शाबूत, शिक्काही शाबूत. पण शिक्क्याची तारीख उलटली म्हणून कागद फाटला आहे असे कारकुनाने सांगावे, तसा हा प्रकार. असाच फटका यापूर्वी १४ फेब्रुवारी २०१६ रोजीही बसला होता. कंपनीने त्या दोन्ही वेळी नवी मोहोर लावलेल्या प्रती पुन्हा उपलब्ध केल्या, पण तबकडीवरच्या जुन्या प्रती काही आपोआप बदलल्या नाहीत. मग लोकांनी तोड काढली. जाळे तोडायचे, संगणकाचे घड्याळ मागे नेऊन मुदतीच्या आतली तारीख घालायची आणि मग इन्स्टॉलर चालवायचा. यंत्राला वाटते आज २०१८ साल आहे; ते मुकाट्याने काम करते. हसू येते खरे. पण ही युक्ती ज्याला ठाऊक नव्हती त्याने आपली अस्सल प्रत खराब समजून टाकून दिली असेल, त्याचे काय?

याच्याही पुढची पायरी मोबाईलमध्ये आहे. आयफोनवर प्रणाली घालताना यंत्र कंपनीच्या केंद्राला विचारते, की ही आवृत्ती घालू का? नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत जुनीला केंद्र नकार देऊ लागते. मग तुमच्याजवळ फाईल असली काय, नसली काय. विरजण वाटीत आहे, दूध कोमट आहे, आणि तरी शेजाऱ्याच्या होकारावाचून दही लागत नाही. मायक्रोसॉफ्टने ३ ऑगस्ट २०२० रोजी जुन्या पद्धतीच्या मोहरेच्या सर्व वस्तू आपल्या उतरवणी केंद्रातून काढल्या, तेव्हा विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांना लागणाऱ्या कितीतरी दुरुस्त्या अधिकृत जागेवरून दिसेनाशा झाल्या. ज्यांनी त्या आधी उतरवून ठेवल्या होत्या त्यांच्यावरच पुढे सर्वांची भिस्त.

येथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला सुरक्षिततेचा. जुन्या प्रणालीला नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अशा यंत्राला जाळ्याशी जोडणे म्हणजे दार सताड उघडे टाकून यात्रेला जाणे. ते मान्य. त्यावर उपाय एकच, की जुने यंत्र जाळ्याला जोडू नये. दुसरा धोका बनावट प्रतींचा. अधिकृत दार बंद झाले म्हणजे लोक कोठूनही प्रत आणतात, आणि चोर तेथेच बसलेला असतो. अहो, अधिकृत दारातही तो बसतो! २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या प्रणालीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घुसून कोणी दुवा बदलला, आणि त्या दिवशी ज्यांनी एक विशिष्ट आवृत्ती उतरवली त्यांना चोरदरवाजा बसवलेला इन्स्टॉलर मिळाला. म्हणून जाणते संग्राहक प्रत्येक प्रतीची 'हॅश' नावाची खूण काढून लिहून ठेवतात. साऱ्या फाईलवर एक गणित करून आलेला तो लांबलचक आकडा असतो. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी आकडा पार बदलतो. जुन्या प्रकाशित याद्यांतील आकड्याशी आपला आकडा जुळला म्हणजे प्रत अस्सल. आमच्या क्षेत्रात अस्सल व बनावट सनदांवरून जन्मभर वाद चालतात. एवढा स्वच्छ कस आम्हांला कधी लाभला नाही, याचा मला हेवा वाटतो.

कायद्याचे म्हणाल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ व्या कलमात, ज्याच्याकडे आज्ञावलीची प्रत रीतसर आहे त्याने हानी, नाश वा बिघाड यांपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करणे हे उल्लंघन मानलेले नाही. ती प्रत मित्रांना वाटण्याची परवानगी मात्र त्यात नाही. अमेरिकेत २०१८ साली ग्रंथालये व संग्रहालये यांना बाजारातून गेलेल्या आज्ञावलींचे कुलूप जतनासाठी उघडण्याची सवलत मिळाली. दुकानातून वस्तू नाहीशी झाली तरी तिचा स्वामित्वहक्क साठसत्तर वर्षे जिवंत राहतो, आणि तोवर फीत मात्र मरते, ही या विषयातली खरी गाठ आहे. ती अजून सुटलेली नाही.

आता अण्णांकडे वळतो.

मराठी छपाईत संगणक शिरला तेव्हा देवनागरी अक्षरांना जगन्मान्य क्रमांक मिळावयाचे होते किंवा नुकतेच मिळाले होते. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी काम केले, १९९१ साली इस्की नावाचे भारतीय मानक ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच साली निघाली. पण घरगुती विंडोजमध्ये युनिकोडची मराठी नीट उमटू लागली ती २००० च्या सुमारास. मधल्या काळात छापखान्यांनी ज्या फॉन्टांवर काम केले त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव बसवलेले असत, आणि कोणत्या जागी काना, कोणत्या जागी रफार हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवले होते. तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडल्यावर दिसते ती रोमन अक्षरांची खिचडी. त्या दहापंधरा वर्षांत मराठीत किती पुस्तके, नियतकालिके, स्मरणिका निघाल्या याचा विचार करा. त्यांच्या मूळ फायली अशा खिचडीत पडून आहेत.

आपल्या गावाच्या स्मरणिकेचा पहिला भाग अण्णांनी छापला. दुसऱ्या भागात गावातल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या मुलाखती होत्या. अकरा प्रकरणे जुळली, मुद्रिते तपासली गेली, आणि पैसे संपले. हस्तलिखिते पुढे एका पावसाळ्यात भिजून गेली. सांगणारी माणसे आता हयात नाहीत. उरल्या त्या विंडोज ९८ वर जुळवलेल्या फायली. गेल्या पावसाळ्यात त्या यंत्राची तबकडी टिकटिक करू लागली आणि थांबली. फायलींची प्रत सीडीवर होती, म्हणून अण्णा निर्धास्त होते. पण फायली नव्या संगणकावर उघडल्या तर खिचडी. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतून काढल्या तर जोडाक्षरांची वाताहत, 'र्‍हास' आणि 'रहस्य' यांत भेद उरेना, आणि बरोबर काय होते हे सांगायला मूळ नाही. फॉन्टची आज्ञावली पुन्हा घालावी, तर तिला विंडोज ९८ हवी. ती नव्या यंत्रात घालू गेलो तर तीही उभी राहीना, कारण एक गीगाबाइटहून अधिक स्मृती दिसली की बिचारी गोंधळते. तिच्या काळी एवढी स्मृती कोणाकडे होती? शिवाय फॉन्टच्या आज्ञावलीचे कुलूप, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या जोडणीत खोवायचा एक लहान ठोकळा, त्याला नव्या यंत्रात भोकच नाही.

विंडोजची सीडी सापडली ती लग्नपत्रिकांच्या नमुन्यांच्या खोक्यात. वेष्टनावर क्रमांकाचे लेबल शाबूत होते. फॉन्टची सीडी अण्णांच्या सुनेने कुंडीवर कावळे येऊ नयेत म्हणून दोऱ्याने टांगली होती, ती उतरवली. तिच्या कडेचा भाग एका दमात वाचला जाईना, तेव्हा न वाचलेली जागा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या एका आज्ञावलीला ती रात्रभर लावून ठेवली. सकाळी पूर्ण प्रत निघाली. जुन्या बाजारातून सातशे रुपयांना एक यंत्र आणले, त्यात जुनी जोडणी होती. प्रणाली उतरवली, फॉन्ट घातले, कुलूप खोवले. पहिले प्रकरण पडद्यावर उघडले तेव्हा अण्णा चष्मा पुसत होते. त्यांनी तो लावेपर्यंत मी वाचायला लागलो नाही.

रूपांतरित मजकूर शेजारी ठेवून ओळ ओळ ताडण्याचे काम चालू आहे. अकरांपैकी तीन प्रकरणे झाली. दोन्ही सीड्यांच्या प्रती त्यांच्या हॅशच्या आकड्यांसह दोन तबकड्यांवर ठेवल्या आहेत. एक अण्णांकडे, एक माझ्याकडे. कुलपाचा ठोकळा एकच आहे आणि त्याची प्रत होत नाही, म्हणून घाई आहे. ज्यांना मुद्रिते तपासण्याची सवय असेल त्यांनी रविवारी सकाळी नऊनंतर माझ्या घरी यावे. यंत्र पुढच्या खोलीतच मांडले आहे.